‘पाव’ या दोन अक्षरी शब्दाविषयी

(महोत्सवानिमित्त मानवत येथे भरलेल्या मेळाव्यातील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी कोणी वक्ता उभा राहिला म्हणजे तो धर्मग्रामाचा इतिहास सांगणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. परंतु तो इतिहास आमच्याहून अधिक माहितगार मंडळींनी याच स्मरणिकेसाठी लिहिला आहे, आणि त्यांच्या ताटातील घास उचलून आपल्या पानात वाढून घेण्याची आमची इच्छा नाही. आम्ही आज केवळ एका शब्दाविषयी बोलणार आहोत. शब्द अगदी लहान आहे, दोनच अक्षरांचा. तो तुम्ही आज सकाळपासून निदान दोनतीन वेळा तरी उच्चारला असेल. तो शब्द म्हणजे ‘पाव’.

हा विषय आम्हांस सुचला तो एका किराणा दुकानात. काही वर्षांपूर्वी समुद्रकिनाऱ्याकडील एक धर्मभगिनी आपल्या भागात नव्यानेच आल्या होत्या. त्यांची मायबोली कोकणी, मराठी बेताचे. आम्ही त्यांच्याबरोबर बाजारात गेलो असता त्या दुकानदारास म्हणाल्या, “भाऊ, एक पाव द्या.” दुकानदाराने पाव किलोचे वजन उचलून तराजूच्या पारड्यात टाकले आणि विचारले, “कशाचा देऊ, बाई? गुळाचा का शेंगदाण्याचा?” धर्मभगिनी गोंधळल्या. त्यांच्या गावी पाव एकाच गोष्टीचा असतो, तो म्हणजे पिठाचा. दुकानदारही गोंधळला, कारण त्याच्या पेठेत पाव गुळाचा, डाळीचा, चहाच्या पुडीचा, कशाचाही होऊ शकतो. मात्र पिठाचा मागितला तर तो पीठच मोजून देईल. दोघेही शुद्ध बोलत होते आणि दोघांपैकी कोणाचेही चुकले नव्हते. आम्ही मध्ये पडून उलगडा केला तेव्हा दोघेही हसले. पण तो शब्द आमच्या मनातून काही केल्या जाईना.

प्रथम दुकानदाराचा पाव पाहू. हा पाव म्हणजे चौथा हिस्सा. संस्कृतात ‘पाद’ म्हणजे पाय. जनावरास चार पाय असतात, म्हणून पाद म्हणजे चौथा भाग, असा अर्थ फार पुरातन काळीच रूढ झाला. श्लोकाच्या चौथ्या भागासही पाद किंवा चरण म्हणतात तो याच न्यायाने. प्राकृतात मधला ‘द’ झिजून गेला, त्याच्या जागी ‘व’ आला, आणि पाद याचा पाव झाला. त्याचे सगेसोयरे आपल्या बोलण्यात जागोजागी आहेत. पाऊण म्हणजे पादोन, पावाने उणा. सव्वा म्हणजे सपाद, पावासहित. पाऊणशे, सव्वाशे म्हणताना आपण संस्कृत बोलत आहोत हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. जुन्या शाळांतून मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत. ज्यांनी ती घोकली आहे त्यांस बाजारात आजही कागदपेन्सिल लागत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. चार आण्यांच्या नाण्यास पावली म्हणत. ते पंचवीस पैशांचे झाले तरी नाव टिकले होते. २०११ साली ते नाणेच चलनातून गेले आणि त्याबरोबर नावही जवळजवळ गेले.

वजनाचा पाव मात्र मध्यंतरी वाढला, ही गोष्ट तरुण मंडळींस ठाऊक नसेल. पूर्वी पाव म्हणजे पावशेर. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅम भरे, म्हणजे पावशेर सुमारे २३३ ग्रॅम. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने आली, १९६२ पर्यंत ती सर्वत्र सक्तीची झाली, आणि पाव २५० ग्रॅमांचा झाला. त्याच सुमारास आपल्या मराठवाड्यात निजामी अमलातील हाली नाणेही बंद झाले. सात हाली रुपयांस सहा कलदार रुपये, हा हिशेब आमच्या वडिलांच्या पिढीच्या बोटांवर असे. वजन बदलले, नाणे बदलले, १९४८ साली राज्यही बदलले होते. शब्द तेवढा पारड्यात होता तेथेच राहिला.

आता हैदराबाद संस्थानाचे नाव निघाले म्हणून सांगतो. त्या एका राज्यात मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी-उर्दू अशा चार भाषा एकमेकींच्या शेजारी नांदत होत्या, आणि मानवतसारख्या कापसाच्या पेठेत व्यापाराच्या निमित्ताने त्यांची गाठ पडे. चौथ्या हिश्शाचा पाव या चौघींनीही घेतला. तेलुगूत तो ‘पावु’ झाला, कानडीतही मापासाठी ‘पावु’ झाला. परंतु जुन्या कानडीत हाच ‘पावु’ म्हणजे साप! पुढे कानडीने शब्दारंभीचा ‘प’ सोडून ‘ह’ धरला, म्हणून आज कानडी माणूस सापाला ‘हावु’ म्हणतो. तेलुगूत ‘पामु’ आणि तमिळात ‘पांबु’ ही त्याचीच भावंडे आहेत. जुना कानडी शेतकरी ‘पावु’ ऐकून दचकला असता आणि मराठी वाण्याने तराजू उचलला असता. हिंदी व दखनी बोलणाऱ्यास मात्र थोडे नाकात बोलून ‘पाँव’ म्हटले की पाय दिसतो. तो पाय त्याच पुरातन ‘पाद’चा आहे, म्हणजे हिंदीच्या घरी पाँव आणि पाव हे सख्खे भाऊ आहेत. आपण मराठी माणसांनी पायास ‘पाय’ म्हटले आणि पाव हिश्शापुरता ठेवला. ही गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

मराठीत आणखी एक पाव आहे, आणि तो आमच्या मते सर्वांत सुंदर आहे. तो ‘पावणे’ या क्रियापदाचा. याचा पायाशी किंवा चौथ्या भागाशी काही संबंध नाही. संस्कृत ‘प्राप्’, म्हणजे पोहोचणे, मिळणे, यापासून तो आला. जुन्या पत्रांत ‘पत्र पावले’ असे लिहीत; पैसे पोहोचल्याची खूण म्हणून जी चिठ्ठी मिळते ती पावती. माणूस कीर्ती पावतो, समाधान पावतो. आणि देव पावतो. या शेवटच्या प्रयोगाविषयी आमचे थोडे मत आहे ते सांगून टाकतो. ‘देव नवसाला पावला’ असे सभोवतालचे लोक म्हणतात, आणि आपल्यातील काही मंडळींस ते बोलणे ख्रिस्ती कानांना न शोभणारे वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. नवसाचा व्यवहार बाजूस ठेवला तर या शब्दाचे मूळ म्हणणे इतकेच आहे की देव पोहोचला, तो माणसापर्यंत आला. नाताळाचा सण मानणाऱ्यांनी या क्रियापदाशी परकेपणाने वागावे याचे कारण आम्हांस दिसत नाही. खेड्यात पाहुण्यास ‘पाव्हणा’ म्हणतात त्याचा मात्र या पावण्याशी संबंध जोडू नये. तो ‘प्राघुण’ या शब्दापासून आला आहे. ‘पावन’ हाही निराळा. तो शुद्ध करणे या अर्थाच्या धातूचा. शब्द सारखे ऐकू आले म्हणजे एका आईचे असतात, असे नाही.

असो. आता त्या धर्मभगिनींच्या पावाकडे येतो, कारण आमचे खरे सांगणे त्याविषयीच आहे.

भट्टीत भाजलेल्या पावास पाव का म्हणतात, असे विचारले तर दोन उत्तरे हमखास मिळतात. एक असे की त्याचे पीठ पायांनी तुडवतात, म्हणून पाव. दुसरे असे की एका मोठ्या लादीचे चार भाग करीत, म्हणून पाव. दोन्ही उत्तरे ऐकावयास ठाकठीक आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिल्या उत्तरात तर हेटाळणीही आहे. पण विचार करा. हा शब्द आला गोव्याकडून आणि वसई-मुंबईकडून. तेथील लोक पायास काय म्हणतात? कोकणीत ‘पांय’, मराठीत ‘पाय’. गुजरातीत तर ‘पग’. पायास ‘पाँव’ म्हणणारा हिंदी भाषिक दूर राहिला. त्याच्या कानी हा पदार्थ पुष्कळ नंतर पडला, आणि ऐकीव नावावरून त्याने ही कथा रचली असावी. ज्या किनाऱ्यावर शब्द उतरला तेथे ही कथा जन्मूच शकली नसती.

खरे मूळ पोर्तुगीज आहे. पोर्तुगीज भाषेत भाकरीच्या या प्रकारास जो शब्द आहे तो ‘पांउ’ असा काहीसा नाकातून उच्चारतात. लॅटिनमधील ‘पानिस’, त्याचे रूप ‘पानेम’, त्यातील ‘न’ पोर्तुगीजांनी नाकात विरघळवला. आपल्या लोकांनी तो अनुनासिक सोडून दिला आणि शेवटी ‘व’ ठेवला. याचा पुरावा मानवतच्या बाजारातच आहे. मालाची बोली पुकारतात त्यास आपल्याकडे जुनी मंडळी हर्रास म्हणत, आणि आता सगळे लिलाव म्हणतात. हा ‘लिलाव’ही पोर्तुगीज, मूळ ‘लेइलांउ’. जेथे पोर्तुगीजात ‘आंउ’ तेथे मराठीत ‘आव’: तिकडे लेइलांउ, इकडे लिलाव, तिकडे पांउ, इकडे पाव. दोन शब्द एकाच वाटेने आले, म्हणून दोघांच्या अंगावर एकाच वाटेची धूळ आहे. अनुनासिकाचे महत्त्व लहान समजू नका. पोर्तुगीज भाषेत तो विसरला तर ‘पाउ’ असा निराळाच शब्द होतो आणि त्याचा अर्थ होतो लाकूड, दांडा. भुकेल्याने नाक बंद ठेवून मागितले तर त्यास भाकरीऐवजी दांडा मिळावयाचा!

१५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, १५३४ साली वसई घेतली आणि ती १७३९ पर्यंत ठेवली. त्यांस गव्हाचा फुगलेला पाव हवा होता, पण त्यांच्या देशातले आंबवण या देशात कोठून मिळावे? तेव्हा माडाच्या सुरीने पीठ आंबवण्याची युक्ती निघाली. गोव्यात पाव करणाऱ्यास आजही ‘पोदेर’ म्हणतात. तोही शब्द पोर्तुगीजच. पुढे गोव्याचे भट्टीवाले मुंबईस गेले, आणि मुंबईचा पाव देशभर गेला. जपानातही पोर्तुगीज पोहोचले होते. तेथे पावास आजतागायत ‘पान’ म्हणतात. म्हणजे आपला पाव आणि जपानी पान ही एकाच घरची मुले, जरी चेहरे जुळत नाहीत. याच्या उलट मलायात वाफवलेल्या, आत सारण भरलेल्या गोळ्यास ‘पाउ’ म्हणतात. पदार्थ पिठाचा, नाव जवळजवळ तेच. कोणीही म्हणेल की हा पोर्तुगीजांचाच. पण तो चिनी शब्द आहे आणि त्याचा लिस्बनशी काडीचा संबंध नाही. भाषेच्या अभ्यासात कानावर विश्वास ठेवणारा माणूस असा वारंवार फसतो.

हा पाव नुसता खाण्याचा पदार्थ राहिला नाही. सुरीने आंबवलेला, परधर्मी माणसाने पाणी घालून मळलेला, म्हणून तो खाणारा बाटला, असे ठरले. गावच्या विहिरीत पाव टाकला, लोक नकळत ते पाणी प्याले आणि सगळे गाव ख्रिस्ती झाले, ही आख्यायिका तुम्ही सर्वांनी ऐकली असेल. याच समजुतीवर मुंबईत एक विलक्षण प्रयोग झाला. १८४९ साली तेथे परमहंस सभा नावाची गुप्त मंडळी स्थापन झाली. तिच्या प्रमुखांत दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. जातिभेद मोडू इच्छिणाऱ्या या मंडळीत प्रवेश करणाऱ्यास एक कसोटी होती: ख्रिस्ती भट्टीवाल्याने केलेल्या पावाचा तुकडा सर्वांसमक्ष खावयाचा. तेवढा एक घास गिळणे म्हणजे जन्माची जात पणाला लावणे होते. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि मंडळी मोडली. नवल वाटते ते याचे की हे दादोबा म्हणजे १८३६ साली मराठी व्याकरण प्रसिद्ध करणारे, ज्यांस मराठीचे पाणिनी म्हणतात तेच. पाव या शब्दाचे सर्व अर्थ ज्यास ठाऊक असावेत अशा पंडिताने त्यातील एक अर्थ असा जिवावर उदार होऊन वापरला. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून रानडे, टिळक आदी थोरामोठ्यांवर ग्रामण्य उठले तेव्हाही मुद्दा हाच होता.

थोरामोठ्यांस प्रायश्चित्त घेऊन मोकळे होता आले. आमच्यासारख्यांच्या घरी तो शब्द दारात येऊन बसला. आम्ही शाळेत जात असता काही मुले आम्हांस ‘पाववाले’ म्हणून हाक मारीत. एकदा पाण्याच्या माठाजवळ गेलो तेव्हा एक मोठा मुलगा म्हणाला, “ए पाववाल्या, लांब हो.” आम्ही रडत घरी आलो. आजी चुलीपुढे बसली होती. तिने विचारले, “काय झालं रे, बाळा?” आम्ही सांगितले. तिने परातीत ज्वारीचे पीठ घेतले होते, भाकरी थापता थापता ती म्हणाली, “आरं, पण पाव असतो तरी कसा? म्या तर अजून बघितला न्हाई.” हे अक्षरशः खरे होते. आमच्या घरात तोवर पाव कधी आला नव्हता. आजीने जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्ली, वरण किंवा ठेचा असेल तो तोंडी लावला, आणि जो पदार्थ तिने डोळ्यांनी पाहिला नाही त्याच्या नावाने तिच्या नातवास माठापासून दूर केले गेले.

आणि जो घास ती खरोखर वेदीपाशी घेत असे, तो तरी पाव होता काय? आपल्या लॅटिन विधीच्या चर्चचा नियम असा की मिस्सेसाठी वापरावयाची भाकर केवळ गव्हाची आणि पाण्याची असावी, तीत आंबवण नसावे. आंबवण नाही, फुगणे नाही. म्हणजे ज्या सुरीच्या आंबवणामुळे पावावर बहिष्कार पडला त्याचा अंशही तीत नाही. दिसण्यात आणि घडणीत ती पावापेक्षा आपल्या पोळीच्या अधिक जवळची आहे. हे त्या मोठ्या मुलास त्या वेळी सांगता आले असते तर काही उपयोग झाला असता, असे नाही. पण आम्हांस ते स्वतःस सांगता आले असते, आणि तेवढ्याने आम्ही त्या दिवशी माठापासून कमी मान खाली घालून परत आलो असतो.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या अन्नाची जी मागणी आहे तीत निरनिराळ्या लोकांनी कोणता शब्द घातला हे पाहण्यासारखे आहे. लॅटिनमध्ये तो ‘पानिस’, पोर्तुगीजात अर्थातच त्यांचा ‘पांउ’. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांच्या ताटात पाव रोज असे, पाव शब्दही त्यांच्या जिभेवर होता. तरी कोकणी प्रार्थनेत पाव नाही, ‘गिरास’ आहे, म्हणजे ग्रास, घास. आणि मराठीत भाकर आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत होऊ लागली तेव्हाही हा शब्द कोणी बदलला नाही, हे फार बरे झाले. ज्वारीच्या मुलखातील माणसाने स्वर्गातील पित्याजवळ पाव मागितला असता तर ते सणासुदीचे मागणे झाले असते, रोजचे नव्हे.

लॅटिन ‘पानिस’ या शब्दाविषयी एक गोष्ट जाता जाता सांगतो. त्याचे मूळ चारणे, पोसणे या अर्थाच्या पुरातन धातूत आहे असे विद्वान मानतात, आणि ‘पास्तोर’, म्हणजे मेंढपाळ, हा शब्दही त्याच धातूचा. आपण धर्मगुरूंस ज्या नावाने ओळखतो ते नाव आणि भाकरीचे लॅटिन नाव ही दोन्ही एकाच चुलीवरची आहेत. संस्कृतातील ‘पा’, रक्षण करणे, हाही त्यांच्याच कुळातला सांगतात.

आता पाव सर्वांचा झाला आहे. वडापाव आणि पावभाजी या पदार्थांनी जे काम केले ते परमहंस सभेस करता आले नाही, असे कोणी म्हणाला तर आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही. मानवत रोड स्थानकावर उतरा किंवा पेठेत फिरा, कोणाच्याही हातात पाव दिसेल, आणि खाणाऱ्यास कोणी त्याचा धर्म विचारीत नाही. परवा एका लहान मुलास आम्ही म्हटले की पूर्वी पाव खाल्ल्याने माणूस बाटत असे. त्याने आमच्याकडे असे पाहिले की आम्ही काही थट्टा करीत आहोत.

आजीने पाव पाहिला तो शेवटच्या आजारात. दवाखान्यातून दूध आणि पाव देत. आम्ही पाव दुधात बुडवून तिला भरवीत होतो. तिने दोन घास घेतले आणि विचारले, “ह्योच का त्यो पाव?” आम्ही हो म्हटले. “मऊ हाय,” ती म्हणाली, “पण भाकरीची सर न्हाई.” त्यानंतर तिसऱ्या दिवशी धर्मगुरूंनी येऊन तिला अखेरचे ख्रिस्तशरीर दिले. पुढे काही कामासाठी चर्चच्या वहीतील तिची नोंद आम्ही पाहिली. नाव, वय, गाव, आणि पुढे कोणी तरी वळणदार अक्षरात लिहिले होते: ‘मरण पावली’.